‘नो ग्रोथ’ आला, ताप मात्र उतरेना: कल्चरमध्ये न येणाऱ्या जंतूंचा माग कसा काढायचा

पावसाळ्यात वॉर्डातून लॅबला एक फोन हमखास येतो. "मॅडम, ब्लड कल्चर निगेटिव्ह आलंय, म्हणजे बॅक्टेरियल नाही ना?" ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते बघणं. रिपोर्टवर छापलेलं असतं, ५ दिवसांनंतर वाढ नाही. त्याचा अर्थ इतकाच, की आम्ही दिलेल्या बाटलीत, दिलेल्या तापमानाला, तेवढ्या मुदतीत काही उगवलं नाही. लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जंतू, त्या बाटलीत वाढून दिसत नाही. स्क्रब टायफसचा जंतू जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही. ब्रुसेला हा गुराढोरांकडून येणारा जंतू वाढतो, पण कधी कधी आपण बाटली बाहेर काढल्यावर वाढला असता अशा बेताने.

हा लेख नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकहाती किल्ला लढवणाऱ्यांसाठी आणि लॅबमधल्या तंत्रज्ञांसाठी आहे. यात औषधांचे डोस येतील, पण ते डॉक्टरांसाठी. घरी बसून कुणी स्वतःवर प्रयोग करू नयेत.

आधी साध्या कारणांचा निकाल लावा

दुर्मीळ जंतूंच्या मागे लागण्याआधी बाटलीत रक्त किती गेलं होतं ते पाहा. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलीलीटर रक्त हवं आणि वेगवेगळ्या जागी टोचून घेतलेले किमान दोन सेट हवेत. प्रत्यक्षात येतं काय? एकच बाटली, तीत जेमतेम ३ मिलीलीटर, तीही अँटिबायोटिकचा दुसरा डोस गेल्यावर. प्रौढांच्या रक्तात मिलीलीटरमागे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे रक्त कमी पडलं की साधा टायफॉइडसुद्धा निसटतो. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, ही गोष्ट रात्रपाळीच्या प्रत्येक नव्या माणसाला नव्याने सांगावी लागते.

मग ॲडमिट होण्याआधीची औषधं विचारा. "गावच्या डॉक्टरांनी काही इंजेक्शन दिलं का?" असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर "नाही" येतं, कारण त्यांनी दिल्या होत्या गोळ्या. "गोळ्यांची पाकिटं दाखवा" म्हटलं की पिशवीतून तीन प्रकारच्या स्ट्रिप निघतात.

हे सगळं नीट होतं, तरी वाढ नाही आणि ताप चालूच, तर पुढे वाचा.

तापाचा दिवस मोजा, ॲडमिशनचा नव्हे

सगळ्या तपासात माझ्या मते ही पायरी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. लॅबच्या फॉर्मवर ‘ड्युरेशन’च्या रकान्यात आम्हाला ‘फीवर’ एवढाच शब्द लिहिलेला मिळतो. ताप कितव्या दिवसाचा आहे हे कळल्याशिवाय कोणता नमुना घ्यायचा आणि कोणती तपासणी लावायची, हे ठरूच शकत नाही.

पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो आणि अँटिबॉडी अजून तयार व्हायच्या असतात. तेव्हा पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएची तपासणी, कामाची. अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. पाचव्या-सातव्या दिवसापासून आयजीएम (आधी तयार होणारी अँटिबॉडी) दिसू लागतं आणि दुसऱ्या आठवड्यात ते बहुतेकांमध्ये सापडतं. तोवर रक्तातला जंतू कमी झालेला असतो, म्हणून पीसीआर हात वर करते. तिसऱ्या दिवशी पाठवलेला लेप्टो आयजीएम निगेटिव्ह आला आणि त्यावरून फाइलवर ‘लेप्टो रूल्ड आउट’ असं लिहिलं, असं माझ्यासमोर कितीदा तरी आलंय. तिसऱ्या दिवशी ती तपासणी काही सिद्धही करत नाही आणि काही खोडतही नाही.

नळ्यांचंही पाहून घ्या. पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची, म्हणजे ईडीटीएची नळी. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआरला अडथळा करतं. अँटिबॉडीसाठी सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी), म्हणजे लाल किंवा पिवळं टोपण.

प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारा

‘प्राण्यांशी संपर्क?’ या प्रश्नाला शेतकरी माणूस "नाही" म्हणतो. गोठ्यातल्या दोन म्हशी त्याच्या लेखी ‘प्राणी’ नसतातच, त्या घरच्याच असतात. म्हणून असं विचारा: धार कोण काढतं? या वर्षी एखादी गाय किंवा शेळी गाभडली का? वार कुणी काढला, हातानेच का? दूध निरसं पिता का? भातलावणीला उतरला होता का, पायाला भेगा होत्या का? गवत कापायला, सरपण आणायला, रानात गुरं चारायला कोण जातं? मुंबई-ठाण्यात असाल तर गुडघाभर पाण्यातून घरी आलात तो दिवस कोणता?

तो दिवस कॅलेंडरवर शोधा. लेप्टोचा ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, क्वचित २ दिवसांत किंवा महिनाभराने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या आठवड्यांत मुंबईतली रुग्णालयं लेप्टोच्या रुग्णांनी भरली, ती याच हिशेबाने.

लेप्टो: पाण्यातून येणारा

कोकणात भातलावणीचा हंगाम आणि लेप्टोचा हंगाम एकच. उंदराच्या, गुराढोरांच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात येतो, भेगा पडलेल्या पायांतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून माणसात शिरतो. खाटेजवळ दोन गोष्टी बघा. पोटऱ्या हलक्या हाताने दाबा; लेप्टोचा रुग्ण कळवळतो, नुसतं ‘अंग दुखतं’ म्हणणाऱ्यापेक्षा हे वेगळं असतं. मग डोळे बघा. बुबुळाभोवती लाली असते, पण पू किंवा चिकटा नसतो. कावीळ, कमी प्लेटलेट, वाढलेलं क्रिएटिनिन आणि तरी पोटॅशियम वाढलेलं नाही, असं चित्र दिसलं तर संशय पक्का धरा. थुंकीतून रक्त आलं तर वेळ घालवू नका, फुप्फुसातला रक्तस्राव काही तासांत जीव घेतो.

कल्चर करायचं म्हटलं तर ‘ईएमजेएच’ नावाचं खास माध्यम लागतं. अँटिबायोटिकच्या आधी, रुग्णाच्या खाटेशेजारीच ५ मिलीलीटर माध्यमात रक्ताचे एक-दोन थेंबच टाकायचे. जास्त रक्त टाकलं तर त्यातले घटकच वाढ रोखतात. इथे साध्या ब्लड कल्चरचा नियम उलटा होतो आणि नवे लोक हमखास गोंधळतात. मग ३७ नव्हे, २८ ते ३० अंशांना, अंधारात, तीन-तीन महिने ठेवून अधूनमधून डार्क फील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रुग्ण तोवर बरा होऊन पुढच्या लावणीच्या तयारीला लागलेला असतो. म्हणजे हे कल्चर उपचारासाठी नाहीच. भागात कोणते प्रकार फिरतायत हे कळायला ते लागतं.

रक्त थेट डार्क फील्डखाली बघून लेप्टो ठरवण्याचा मोह टाळा. मिलीलीटरमागे साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय तिथे काही दिसत नाही. जे वळवळताना दिसतं ते पुष्कळदा फायब्रिनचे धागे किंवा लाल पेशींचे तुकडे असतात. अनुभवी डोळेसुद्धा इथे फसतात.

लघवीचा नमुना दुसऱ्या आठवड्यापासून उपयोगाचा, पण आम्लधर्मी लघवीत हा जंतू लवकर मरतो. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचत नसेल तर पाठवण्याचे कष्ट घेऊ नका.

अँटिबॉडीची प्रमाण मानलेली तपासणी म्हणजे ‘मॅट’. वेगवेगळ्या प्रकारचे जिवंत लेप्टोस्पायरा रुग्णाच्या सीरममध्ये मिसळायचे आणि ते गुठळी करतात का ते बघायचं. यासाठी जिवंत जंतूंचा संच सतत पोसावा लागतो, म्हणून ही सोय मोजक्या ठिकाणीच असते. पोर्ट ब्लेअरचं आयसीएमआरचं केंद्र यासाठी देशभर ओळखलं जातं. आपल्या हाताशी बहुधा आयजीएम एलायझा (तयार संचावर आयजीएम शोधणारी तपासणी) असते आणि दिवस नीट मोजला असेल तर तिच्यावर काम भागतं.

उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबवायचे नाहीत. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा, ७ दिवस. तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्झोन.

स्क्रब टायफस: आधी पूर्ण अंग बघा

ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ मध्ये नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी हे नाव कॉलेजनंतर पहिल्यांदाच ऐकलं. आजार काही तेव्हा जन्मला नव्हता, आपण शोधत नव्हतो. ओरिएंशिया सुत्सुगामुशी हा जंतू गवता-झुडपांतल्या सूक्ष्म माइट किड्याच्या पिल्लांमार्फत येतो. ही पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात. त्यांना गोचीड समजू नका, "गोचीड चावली का?" या प्रश्नाला "नाही" उत्तर आलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

या आजाराची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे कपडे काढून, उजेडात, पूर्ण अंग बघणं. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लालसर कडा, दुखत नाही आणि खाजतही नाही. दुखत नसल्यामुळे रुग्णाला ती माहीतच नसते. ती बसते कुठे? काखेत, जांघेत, स्तनांखाली, नाडी किंवा परकर बांधतो त्या रेषेवर, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. बाई रुग्ण असेल तर नर्सच्या मदतीने, आड पडदा लावून, पण बघाच. ओलसर घडीत ही खपली काळी न दिसता उथळ पिवळसर व्रणासारखी दिसते आणि तिथेच ती निसटते. जवळच्या लसिका गाठी सुजल्या असतील तर त्यांच्या वाटेने मागे जा.

खपली सापडली तर ती पुसून, मलम लावून टाकू नका. निर्जंतुक चिमट्याने अलगद उचलून निर्जंतुक नळीत घाला आणि पीसीआरला पाठवा. रक्तापेक्षा हा नमुना खूप सरस आहे, अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही तो काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो. मात्र खपली नाही म्हणून स्क्रब नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका. भारतातल्या पुष्कळ रुग्णांत ती सापडत नाही.

याचं कल्चर जिवंत पेशींवर, जैवसुरक्षेच्या तिसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेतच करतात. आपल्या जिल्हा पातळीवर तो विषय नाही. वाइल-फेलिक्स तपासणीत प्रोटियस ओएक्स-के या दुसऱ्याच जंतूविरुद्ध टायटर (सीरम किती पातळ केलं तरी गुठळी दिसते, तो आकडा) बघतात, पण ती पुष्कळ रुग्ण चुकवते. ती एकटीच उपलब्ध असेल तर चढता टायटर शोधा आणि निगेटिव्हला किंमत देऊ नका. आयजीएम एलायझा मिळत असेल तर तीच करा, आपल्या भागासाठी कटऑफ (पॉझिटिव्ह म्हणायची सीमा) काय धरलाय हेही लॅबला विचारा.

सेफ्ट्रिॲक्झोनवर पाच दिवस ताप हलत नाही आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरतो, ही स्क्रबची ओळखीची चाल. जंतू पेशीच्या आत राहतो, पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं तिथे उपयोगी पडत नाहीत. गरोदर स्त्रियांना अझिथ्रोमायसिन देतात. तीव्र आजारासाठी भारतात झालेली बहुकेंद्री चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र देणं हे एकट्या औषधापेक्षा सरस ठरलं. अतिदक्षता विभागातल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ब्रुसेला: लॅबला आधी सांगा

१८८७ मध्ये माल्टात मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी हा जंतू वाढवला. शेळीच्या दुधातून तो येतो हे कळायला पुढची १८ वर्षं गेली. आपल्याकडे अजूनही ‘संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर धरलेली, वजन उतरलेलं’ अशा माणसाला सवयीने क्षयाचीच औषधं सुरू होतात. तो दूधवाला, मेंढपाळ, खाटीक किंवा पशुवैद्य असेल तर जरा थांबा. वृषणाला सूज असेल तर आणखी थांबा.

ब्रुसेलाचं कल्चर होतं. स्वयंचलित यंत्रात तो बहुधा ७ दिवसांत येतो, पण यंत्र ५ दिवसांवर लावलेलं असतं. जुन्या दुहेरी माध्यमाच्या बाटल्या तर चार आठवडे ठेवाव्या लागत. म्हणून फॉर्मवर ठळक लिहा: ब्रुसेलाचा संशय, बाटली जास्त दिवस ठेवावी. जुनाट आजारात अस्थिमज्जेचं कल्चर रक्तापेक्षा जास्त वेळा पॉझिटिव्ह येतं.

लॅबला सांगण्याचं दुसरं कारण आमच्या जिवाचं आहे. प्रयोगशाळेत काम करताना लागण होणाऱ्या जंतूंत ब्रुसेलाचं नाव फार वर आहे. ग्रॅम निगेटिव्ह, अगदी बारीक, वाळूसारखे विखुरलेले कोकोबॅसिलाय दिसले, हळू वाढ, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरियेज झटपट पॉझिटिव्ह, तर प्लेट बंद करून सुरक्षा कॅबिनेटमध्ये न्या. प्लेटचा वास घ्यायची जुनी सवय इथे जिवावर बेतते. ओळख पटवणाऱ्या काही संचांत हा जंतू मोराक्सेला म्हणून येतो. तो निकाल पाहून निश्चिंत होऊ नका.

अँटिबॉडीसाठी रोझ बेंगॉल आणि नळीतली गुठळी तपासणी चालते. टायटर १:१६० किंवा वर आणि लक्षणं जुळतात, तर निदान धरतात. अँटिबॉडी फारच जास्त असतील तर कमी पातळ केलेल्या नळ्यांत गुठळी होतच नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह जातो. म्हणून तंत्रज्ञांनी दोन-तीन नळ्यांवर न थांबता पुढेपर्यंत पातळ करत न्यावं.

डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन मिळून ६ आठवडे, किंवा डॉक्सिसायक्लिनसोबत सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. ताप उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणारे परत येतात. वासरांना देतात ती एस-१९ लस जिवंत जंतूंची आहे, तिची सुई हातात घुसलेल्या पशुवैद्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. २१ दिवसांचा प्रतिबंधक कोर्स घेता येतो.

हृदयाच्या झडपा आणि फॉर्मलिनची बाटली

झडपेवर गाठी दिसतायत आणि तीन सेट निगेटिव्ह, तर पहिला संशय आधी दिलेल्या अँटिबायोटिकवर. पूर्वी ‘हॅसेक’ या हळू वाढणाऱ्या जंतूंच्या गटासाठी बाटल्या दोन-तीन आठवडे ठेवत. आजच्या यंत्रांत हे जंतू ५ दिवसांतच येतात. बाटलीतल्या स्मिअरवर साखळ्या दिसतात, पण प्लेटवर काहीच उगवत नाही, तर प्लेटवर स्टॅफिलोकोकसची एक रेघ ओढा. रेघेच्या कडेलाच बारीक वसाहती उगवल्या तर अबायोट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला समजा. त्यांना लागणारं पायरिडॉक्सल शेजाऱ्याकडून मिळतं.

त्यापुढे क्यू ताप आणि बार्टोनेला. दोन्हींसाठी सीरम पाठवायचं. कॉक्सिएला या क्यू तापाच्या जंतूविरुद्धचं फेज-१ आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) १:८०० च्या वर असेल, तर निदानाच्या निकषांत ते मोठं वजन धरतं. मग उपचार डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे, कमीत कमी १८ महिन्यांचे. म्हणून निदान अंदाजावर सोडू नये.

झडप बदलायची ठरली तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थिएटरच्या सिस्टरांशी बोला. सवयीने अख्खी झडप फॉर्मलिनमध्ये जाते, तिथे कल्चर संपलं आणि डीएनए तपासणीही बिघडली. झडपेचे तीन भाग करा: एक निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला, एक तसाच १६एस पीसीआरला (कोणत्याही बॅक्टेरियाचा डीएनए शोधणारी तपासणी), एकच फॉर्मलिनमध्ये. बाटल्यांवर आधीच लेबलं लावून ठेवली तर गडबडीत चूक होत नाही.

बाकीचे, थोडक्यात

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण कृत्रिम माध्यमावर तो आजवर वाढलेला नाही. कानाच्या पाळीचा स्मिअर आणि बधिर चट्टा यांवरच निदान होतं. सिफिलिसचा जंतू सशाच्या पेशींसोबत टिकवून वाढवणं २०१८ मध्ये जमलं; निदान मात्र रक्ताच्या तपासणीनेच. क्षयाचं द्रव माध्यमातलं कल्चर ४२ दिवस ठेवतात, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आत ‘टीबी कल्चर निगेटिव्ह’ असं कुणी सांगितलं तर तारीख विचारा.

दुसरं सीरम

पहिल्या दिवशी घेतलेल्या सीरममधून अर्धा मिलीलीटर बाजूला काढून, नाव-तारीख लिहून, गोठवून ठेवायला सांगा. १० ते १४ दिवसांनी दुसरं घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच संचावर लावा. टायटर चौपट चढला तर निदान पक्कं. एकट्या आयजीएमवर, विशेषतः एकट्या विडालवर (टायफॉइडची अँटिबॉडी तपासणी) विसंबू नका; आपल्या भागात जुन्या टायफॉइडच्या आणि लसीच्या अँटिबॉडी इतक्या लोकांत असतात, की लेप्टो आणि स्क्रबचे कितीतरी रुग्ण ‘टायफॉइड’ म्हणून घरी जातात.

अडचण अशी, की बरा झालेला माणूस दुसऱ्या सीरमला येत नाही. लावणी आटपलेली नसते, एसटीला पैसे लागतात आणि ताप तर गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून भागत नाही. पत्ता घेतानाच गावच्या आशाताईंचा नंबर घ्या आणि उपकेंद्रात रक्त घेऊन सीरम थंड पेटीतून पाठवायची सोय लावा. ते न जमल्यास टाके काढायला, औषध न्यायला किंवा बायकोच्या तपासणीला ज्या दिवशी तो येणारच आहे, तीच तारीख द्या.